वॉरंटी संपली आणि वस्तू बिघडली: ग्राहकाने काय करावं

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बिल पुढे केलं की पलीकडचा माणूस आधी तारीख बघतो. वर्ष उलटून गेलं असेल तर उत्तर ठरलेलं: "वॉरंटी संपलीय, आता चार्जेबल." बहुतेक जण इथेच मान डोलावतात आणि एकतर पैसे भरतात, नाहीतर नवीन वस्तू घेतात. दोन्ही गोष्टी कधीकधी शहाणपणाच्याही असतात. पण तारीख उलटली म्हणजे आपला हक्कच संपला असं समजून तसं करत असाल, तर जरा थांबा.

वॉरंटी कार्ड म्हणजे कंपनीने स्वतःहून दिलेला शब्द: अमुक काळात अमुक बिघाड झाला तर आम्ही फुकट दुरुस्त करू. तो काळ संपला की तो शब्द संपतो. सदोष वस्तू विकल्याची जबाबदारी मात्र कार्डातून येत नाही, कायद्यातून येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(१०) मध्ये 'दोष' म्हणजे काय ते सांगितलं आहे: वस्तूच्या दर्जात, प्रमाणात किंवा मानकात असलेली उणीव, मग तो दर्जा कायद्याने ठरलेला असो, करारात स्पष्ट लिहिलेला असो, गृहीत धरलेला असो किंवा विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलेला असो. या व्याख्येत वॉरंटीच्या तारखेचा उल्लेख नाही. त्याहून जुना वस्तुविक्री कायदा १९३० आहे. त्याचं कलम १६(४) म्हणतं की लेखी हमी दिली म्हणून दर्जाबद्दलची गृहीत, म्हणजे न लिहिताही कायद्याने मानलेली, हमी आपोआप रद्द होत नाही. दोन्हींत थेट विसंगती असेल तरच ती बाजूला पडते. म्हणून तर कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत "याखेरीज कोणतीही हमी नाही" असं छापलेलं असतं. ते वाक्य वाचून गार पडू नका. ते कितपत टिकतं हे ग्राहक आयोग (ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणारी यंत्रणा) ठरवतो, काउंटरवरचा माणूस नाही.

पण दुसरी बाजूही नीट समजून घ्या, कारण इथेच बरेच जण फसतात. वॉरंटीत असताना तुम्हाला काही सिद्ध करावं लागत नाही. बिल दाखवलं की काम होतं. वॉरंटी संपल्यावर दोष मुळातच वस्तूत होता, तुमच्या वापराने आलेला नाही, हे दाखवायचं ओझं तुमच्यावर येतं. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

तुमची तक्रार दोषाची आहे की झिजेची?

तीन वर्षांच्या मोबाइलची बॅटरी दुपारीच संपते, ही झीज. रिमोटची बटणं दबेनाशी झाली, वॉशिंग मशीनचं रबर सैल पडलं, तेही तसंच. फोन पडला, लॅपटॉपवर चहा सांडला, वीज पडून टीव्ही गेला, तर कंपनीकडे काही मागता येणार नाही, आणि उगाच मागूही नये.

आता हे बघा. टीव्हीच्या पडद्याला कुठे तडा नाही, ओल नाही, तरी चौदाव्या महिन्यात उभ्या रेघा आल्या. फ्रिजची आतली कॉइल दीड वर्षात गळायला लागली आणि गॅस गेला. कंपनीचंच सॉफ्टवेअर अपडेट टाकलं आणि दुसऱ्या दिवशी फोन मेला. एकच पार्ट बदलून पुन्हा तोच गेला. ही सगळी प्रकरणं लढण्याजोगी आहेत. याहून भक्कम एकच: बिघाडाची पहिली तक्रार वॉरंटीत असतानाच नोंदवली होती, "नॉर्मल आहे" म्हणून परत पाठवलं आणि वॉरंटी संपल्यावर वस्तू पूर्ण बंद पडली. असं झालं असेल तर जुनी तक्रार, तिचा नंबर, त्या वेळचे मेसेज आजच शोधून ठेवा.

त्याच मॉडेलला तोच बिघाड अनेकांकडे होतोय का, तेही शोधा. कंपन्या असे दोष कधीकधी उघडपणे मान्य करतात. २०१८ मध्ये ॲपलने काही मॅकबुकच्या कीबोर्डसाठी पहिल्या विक्रीपासून चार वर्षं मोफत दुरुस्तीची योजना आणली होती. अपडेटनंतर पडद्यावर हिरवी रेघ येण्याच्या तक्रारी वाढल्यावर वनप्लसने २०२३ मध्ये भारतातल्या अशा फोनना पडद्याची वॉरंटी वाढवून दिली. अशा योजना काउंटरवर आपणहून कोणी सांगत नाही. कंपनीच्या सपोर्ट पानावर जाऊन मॉडेल नंबर टाकून बघावं लागतं.

पहिलं काम: वॉरंटी खरंच संपली आहे का?

फ्रिज आणि एसीच्या कॉम्प्रेसरला, वॉशिंग मशीनच्या मोटरला बहुतेक वेळा वेगळी, बरीच लांब वॉरंटी असते. कार्ड हरवलं असेल तर मॉडेलचं माहितीपत्रक कंपनीच्या साइटवर मिळतं. विकताना कपाटाएवढ्या अक्षरांत "१० वर्षं" लिहिलेल्या जाहिरातीचा फोटो किंवा खरेदी केलेल्या पानाचा स्क्रीनशॉट असेल तर तोही जपून ठेवा. आधीच्या दुरुस्तीत पार्ट बदलला असेल तर त्या पार्टची स्वतंत्र वॉरंटी चालू असू शकते. ते जुन्या बिलावर लिहिलेलं असतं. खरेदीच्या वेळी कुठल्याशा ऑफरमध्ये वाढीव वॉरंटी मिळाली होती आणि आपण विसरलो, असंही पुष्कळदा होतं. मेल आणि मेसेज चाळा.

बिल सापडत नसेल तर दुकानदाराकडून दुसरी प्रत मागा. ऑनलाइन घेतलं असेल तर ऑर्डर हिस्टरीत मिळतंच. कार्डाचं किंवा बँकेचं स्टेटमेंट हा जोडपुरावा. मोबाइलचा आयएमईआय नंबर *#०६# दाबून दिसतो. तो बिलावरच्या नंबराशी जुळतो का ते आत्ताच बघा.

दुसरं: वस्तू कोणाला उघडू देऊ नका

ओळखीच्या मेकॅनिककडे नेऊन "जरा बघ रे काय झालंय" म्हणण्याचा मोह होतो. तेवढा आवरा. सील तुटलं की कंपनीला आयतं निमित्त मिळतं. आधी बिघाडाचा व्हिडिओ काढा: वस्तू चालू करतानापासून, सिरियल नंबरचं लेबल दिसेल असा, मध्ये न तोडता. पडद्याचा बिघाड असेल तर चारही कोपरे जवळून दाखवा, म्हणजे तडा नाही हे दिसेल. फोन किंवा लॅपटॉप देण्याआधी बॅकअप घ्या. डेटा गेला तर जबाबदारी आमची नाही, असं जवळपास प्रत्येक सर्व्हिस सेंटर लिहून घेतं.

तिसरं: जॉबशीट

सगळी केस या एका कागदावर उभी राहते किंवा पडते. म्हणून इथे वेळ लागला तरी लागू द्या.

तंत्रज्ञ घरी आला किंवा तुम्ही काउंटरवर गेलात की जॉबशीट बनते. तिच्यात दोन गोष्टी असतात: ग्राहकाने सांगितलेली तक्रार आणि तंत्रज्ञाला काय आढळलं ते. पहिल्या रकान्यात घाईघाईने "नॉट वर्किंग" एवढंच खरडतात. ते चालवून घेऊ नका. "उजव्या भागात उभ्या रेघा, अमुक तारखेपासून, पडद्याला बाहेरून इजा नाही" असं लिहायला लावा. दुसऱ्या रकान्यात नेमका कुठला पार्ट गेला ते हवं. "पॅनेल डिफेक्टिव्ह, नो फिजिकल डॅमेज" ही चार-पाच शब्दांची नोंद पुढे वकिलाच्या दहा पानांपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण ती कंपनीच्याच माणसाची असते.

"लिक्विड डॅमेज" किंवा "कस्टमर मिसयूज" असं लिहिलं आणि तुम्हाला पटलं नाही, तर तिथल्या तिथे फोटो मागा: कुठे पाणी लागलंय, ओल लागली की रंग बदलणारी आतली कुठली खूण बदललीय. त्याच कागदावर "मला हे मान्य नाही" असं लिहून मगच सही करा. आजकाल सही टॅबलेटवर घेतात आणि कागद देतच नाहीत. अशा वेळी तुमच्या मेलवर जॉबशीट आल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नका.

दुरुस्तीचा अंदाजखर्च लेखी घ्या. पॅनेलची किंमत नव्या टीव्हीच्या जवळपास जाते, तेव्हा तोच कागद "दुरुस्ती परवडण्याजोगी नाही" हे दाखवायला कामी येतो. "पार्ट बंद झालाय, मिळत नाही" असं तोंडी सांगितलं तर तेही लिहून मागा. लिहून द्यायला नाही म्हणाले तर बाहेर पडल्या पडल्या त्यांना मेल टाका: आज आपण मला असं सांगितलंत, चूक असल्यास कळवावं. उत्तर आलं नाही तरी तो मेल तुमच्याकडे राहतो.

शक्य झालं तर एखाद्या जाणकार, त्रयस्थ तंत्रज्ञाचं लेखी मतही घ्या. वस्तू न उघडता जेवढं सांगता येईल तेवढंच.

चौथं: कंपनीला लेखी तक्रार

टोल-फ्री नंबरवर बोलणं म्हणजे तक्रार नोंदवून नंबर मिळवणं, एवढाच त्याचा उपयोग. खरी तक्रार मेलवर करा आणि तिची प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. पाकिटबंद वस्तूंच्या नियमांनुसार खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव, पत्ता आणि ग्राहकसेवेचा संपर्क छापावा लागतो, तेव्हा पत्ता शोधायला लांब जायला नको. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूबाबत संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते.

मजकूर छोटा ठेवा. राग, मनस्ताप, "तुमच्यासारख्या नामांकित कंपनीकडून ही अपेक्षा नव्हती" हे सगळं वगळा. नमुना असा:

"मी दि. … रोजी … यांच्याकडून टीव्ही (मॉडेल …, सिरियल क्र. …) घेतला, बिल सोबत आहे. दि. … पासून पडद्याच्या उजव्या भागात उभ्या रेघा दिसतात. पडद्याला तडा, ओल वा बाहेरची इजा नाही, अशी नोंद आपल्याच तंत्रज्ञाने जॉबशीट क्र. … वर केली आहे. नेहमीच्या घरगुती वापरात इतक्या कमी काळात पॅनेल निकामी होणं हा ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(१०) नुसार वस्तूतला दोष आहे. पॅनेल विनाशुल्क बदलून द्यावं. १५ दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल."

कंपनीचं पहिलं उत्तर बहुधा छापील नकार असतो. त्यावर न चिडता एकच करा: हे प्रकरण वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवा, असं लिहा. या टप्प्यावर कंपन्या पुष्कळदा मधला तोडगा काढतात. पार्ट त्यांचा, मजुरी तुमची. किंवा पार्टच्या किमतीत मोठी सूट. किंवा जुनी वस्तू घेऊन नवीवर सवलत. माझं मत विचाराल तर पार्ट फुकट मिळत असेल आणि फक्त मजुरी भरायची असेल तर घ्या आणि मोकळे व्हा. सवलतीचं कूपन मात्र नीट तपासून बघा. तेवढी सूट सणासुदीला कोणालाही मिळत असेल, तर तुम्हाला काहीच मिळालेलं नाही.

एक मुद्दा इथे मांडण्यासारखा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत, कंपन्यांनी किती माल पुनर्वापरासाठी परत गोळा करायचा हे मोजण्यासाठी वस्तूंचं सरासरी आयुष्य धरलेलं आहे: मोबाइलचं पाच वर्षं, फ्रिजचं दहा. हे काही ग्राहकाला दिलेलं वचन नव्हे आणि आयोगावर ते बंधनकारकही नाही. पण ज्या वस्तूचं आयुष्य सरकारी नियमात दहा वर्षं धरलंय ती सोळाव्या महिन्यात भंगारात कशी, हा प्रश्न विचारायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.

पाचवं: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन

कंपनी ताकास तूर लावू देत नसेल तर १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. ८८०००-०१९१५ या व्हॉट्सॲप नंबरवर किंवा हेल्पलाइनच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती फक्त तक्रार कंपनीकडे पोहोचवते आणि उत्तर मागते. तरी मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी वेगळी माणसं ठेवलेली असतात आणि दुकानात महिनोन् महिने भिजत पडलेलं घोंगडं इथे कधीकधी चटकन सुटतं. फुकट आहे, करून बघा. प्रत्यक्ष माणसाशी बोलायचं असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचे कार्यकर्ते मार्गदर्शन करतात.

सहावं: जिल्हा ग्राहक आयोग

आयोग म्हटलं की लोकांना कोर्ट, काळे कोट आणि वर्षानुवर्षांच्या तारखा दिसतात. तारखांची भीती अगदीच खोटी नाही. बाकीची बरीचशी खोटी आहे.

वकील लागत नाही; स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी शून्य, म्हणजे घरातलं झाडून सगळं इलेक्ट्रॉनिक सामान यात बसतं. जिल्हा आयोगाकडे पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं जातात. आणि २०१९ च्या कायद्याने दिलेली मोठी सोय म्हणजे कलम ३४: तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय देशाच्या दुसऱ्या टोकाला असलं तरी. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. आधी त्यासाठी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे पोर्टल आलं आहे.

मुदत लक्षात ठेवा. कलम ६९ प्रमाणे दावा करण्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. सावधपणे चालायचं तर बिघाड पहिल्यांदा दिसला त्या दिवसापासून मोजा. कंपनीशी मेलामेली चालू आहे म्हणून ही मुदत वाढत नाही. "बघतो, कळवतो" यात दीड वर्ष घालवलेले पुष्कळ जण असतात.

तक्रारीत कोणाकोणाला प्रतिवादी करायचं? विक्रेता, उत्पादक किंवा आयातदार, आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही. एकालाच केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सोबत बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट, अंदाजपत्रक, पत्रव्यवहार, फोटो-व्हिडिओ आणि तुमचं प्रतिज्ञापत्र. घटना तारखेनुसार, एका परिच्छेदात एकच. कागदांना क्रमांक द्या आणि मजकुरात त्या क्रमांकाचा उल्लेख करा. आयोगाच्या सदस्यांना शोधाशोध करायला लावू नका.

मागणी काय करायची ते नेमकं लिहा: दोष दूर करावा, ते जमत नसेल तर वस्तू बदलून द्यावी, तेही नसेल तर किंमत परत. नुकसानभरपाई आणि खर्च वेगळे मागा, पण तीस हजारांच्या फ्रिजसाठी पाच लाखांचा मनस्ताप मागून स्वतःचं हसं करून घेऊ नका. वर्ष-दीड वर्ष वापरलेल्या वस्तूची पूर्ण किंमत मिळेलच असंही नाही. वापराचा घसारा वजा होऊ शकतो.

"दोष आहे हे सिद्ध करा" असं कंपनी म्हणणारच. नुसत्या पाहणीने दोष ठरत नसेल तर कलम ३८ खाली आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते. म्हणूनच बिघडलेली वस्तू किंवा काढलेला जुना पार्ट निकाल लागेपर्यंत घरात ठेवा, कितीही अडगळ झाली तरी. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने असा काळ सांगितला आहे. प्रत्यक्षात याहून जास्त वेळ धरूनच या वाटेला जा.

कोणाला लागू, कोणाला नाही

वस्तू भेट मिळाली असली तरी तुम्ही ग्राहक आहात, कारण खरेदीदाराच्या संमतीने वापरणाराही कायद्यात ग्राहकच. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू बसत नाही. मात्र पोटापाण्यासाठी, स्वतः चालवायला घेतलेलं एखादं यंत्र बसतं. झेरॉक्सचं छोटं दुकान चालवणाऱ्याने या फरकावर जोर द्यावा.

चार्जर पेटला, बॅटरी फुगून हात भाजला, घरातलं सामान जळालं, तर मामला वेगळा होतो. त्यासाठी कायद्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. पण त्याखाली बिघडलेल्या वस्तूचीच किंमत मागता येत नाही. तिच्यामुळे माणसाला झालेल्या इजेची किंवा इतर मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई मागता येते. वस्तूची किंमत 'दोष' म्हणून नेहमीच्याच वाटेने मागायची.

आणि तुम्ही पैसे भरून दुरुस्ती करून घेतलीत तर? ती स्वतंत्र सेवा झाली. महिन्याभरात तोच बिघाड परत आला तर "वॉरंटी संपलीय" हे उत्तर तिथे लागूच पडत नाही. ती सेवेतली त्रुटी. फक्त दुरुस्तीचं पक्कं बिल हवं, ज्यावर पार्टचं नाव आणि त्याची वॉरंटी लिहिलेली आहे. बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा "बिल घेतलंत तर जीएसटी लागेल" याला भुलू नका.

तडजोड किंवा आदेश झाल्यावर

तक्रार दाखल झाल्यावर कंपनीचा फोन येण्याची शक्यता बरीच असते. "आधी केस मागे घ्या, मग वस्तू पाठवतो" असं म्हणाले तर उलट क्रम सांगा: वस्तू किंवा पैसे हातात आले की त्या तारखेला आयोगापुढे तडजोड नोंदवू. बदलून दिलेली वस्तू नवी आहे की दुरुस्त केलेली आणि तिला नवी वॉरंटी आहे का, हे तडजोडीच्या कागदावर लिहून घ्या. आदेश तुमच्या बाजूने लागला तर कंपनी ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकते, पण त्यासाठी तिला आदेशातल्या रकमेचा निम्मा भाग आधी भरावा लागतो. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, अशी चालढकल झाली तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.